पाव मैलाची नोकरी

माझ्या लग्नाच्या बोलणीत सासऱ्यांनी विचारलं होतं, "पोरगा काय करते?"

माझ्या वडिलांनी खरं ते सांगून टाकलं. "शर्यतीत मोटरसायकल पळवते."

"किती लांब?"

"पाव मैल."

"आन् मग?"

"मग थांबते."

सासरे अमरावतीकडचे, शाळेत गणित शिकवणारे. त्यांनी मनातल्या मनात गणित केलं आणि म्हणाले, "म्हणजे पंधरा-सोळा सेकंदांची नोकरी हाय." लग्न जमलं. सोळा सेकंद सोडले तर नवरा दिवसभर मोकळाच, असा बायकोचा समज झाला होता. तो पहिल्याच आठवड्यात दूर झाला.

लोकांना हे काम समजावून सांगताना माझं अर्धं आयुष्य गेलं. दोन गाड्या शेजारी-शेजारी उभ्या करायच्या, झेंडी पडली की नाकासमोर सुटायचं, पाव मैलावरची चुन्याची रेघ आधी ओलांडेल तो जिंकला. वळण नाही, दुसरी फेरी नाही. शहरातली माणसं हमखास विचारायची, "मग वळत काहून नाही तुम्ही?" खेड्यातल्या माणसानं हा प्रश्न कधी विचारला नाही. त्यानं शंकरपट पाहिलेला असतो. पटातही बैलजोडी सरळ रेषेतच पळते. खेड्यातले लोक मला बघता बघता 'धुरकरी' म्हणायला लागले. धुरकरी म्हणजे पटात जोडी हाकणारा. या पदवीचा मला पगारापेक्षा जास्त अभिमान वाटायचा.

पगार द्यायचे गोविंदशेठ. हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचा मोटरसायकलच्या क्लचप्लेटी बनवायचा कारखाना होता. कामगार तीस, पाळ्या दोन, आणि मी एकटा 'चाचणी चालक'. क्लच म्हणजे काय, तर इंजिनाची ताकद मागच्या चाकाला किती द्यायची हे ठरवणारी वस्तू. झेंडी पडल्यावर क्लच एकदम सोडला तर पुढचं चाक आभाळाकडे जातं, नाहीतर मागचं जागच्या जागी फिरून रबर जाळतं. हळू सोडला तर शेजारचा निघून गेलेला असतो. या दोन्हींच्या मधे बोटाच्या एका पेराएवढी जागा असते. तिच्यात मी पंधरा वर्षं संसार केला.

प्लेटींची परीक्षा वर्षातून दोनदा व्हायची. पहिली मे महिन्यात, इतवारीत. भर बाजाराच्या वेळी धान्याच्या हातगाड्यांच्या मागे, भांड्यांच्या दुकानांसमोरून, अर्ध्या क्लचवर पायी चालणाऱ्याच्या वेगानं गाडी न्यायची. दोन तासांत प्लेटी जळाल्याचा वास आला की माल नापास. एक भांडेवाला मला रोज तीनदा जाताना बघून शेवटी म्हणाला, "भाऊ, घर सापडून नाही राहिलं का तुमचं?" दुसरी परीक्षा हिवाळ्यात, शर्यतीत. शर्यतीत आमच्या प्लेटी टिकल्या की पुढे वर्षभर शेठ दुकानदारांना तेच ऐकवायचे.

शर्यत व्हायची बुटीबोरीच्याही पुढे. तेव्हा तिकडे कारखाने नव्हते. लढाईच्या काळात विमानांसाठी बांधलेली एक धावपट्टी तिथे शेतांच्या मधोमध पडून होती. एका टोकाचं सिमेंट बाभळींनी फोडलेलं, दुसरं टोक चांगलं. कागदावर जागा सरकारची असली तरी खरी मालकी शेजारच्या गावाची होती, कारण विमानं गेल्यापासून ते गाव त्या सिमेंटवर लाल मिरची वाळवत आलं होतं. धावपट्टीचे मोठमोठे चौकोन होते आणि गावानं ते घराघरात वाटून घेतले होते. कुणाचे चौकोन कोणते, हे पोरासोरांनाही पाठ. दुसऱ्याच्या चौकोनावर कुणी एक मिरची टाकत नसे. शर्यत जानेवारीत, मिरचीही जानेवारीतच. म्हणून आम्ही फुटक्या टोकाकडून सुटायचो आणि मिरच्यांच्या दिशेनं पळायचो. चुन्याच्या रेघेपासून पहिल्या मिरचीपर्यंत अडीचशे पावलं असत. तेवढ्यात थांबायचं.

शर्यतीच्या अंगाचे, म्हणजे अगदी पुढचे चार चौकोन अनसूयाबाईंचे होते. नवरा वारल्यावर त्या भावाच्या गावी, म्हणजे इथे, आल्या. तोवर वाटण्या झालेल्या होत्या, त्यामुळे कुणाला नको असलेले चौकोन त्यांच्या वाट्याला आले. उन्हानं रापलेला चेहरा, काटक अंग, साठीच्या आसपास वय. आम्ही डाव्या आणि उजव्या अशा दोन पट्ट्यांतून पळायचो. डावी पट्टी सरळ त्यांच्या मिरच्यांवर जायची. उजवी मोकळी होती.

आता माझा गुन्हा सांगतो. गाडीच्या चाकात, ड्रमच्या आत, ब्रेकच्या दोन अर्धगोल पट्ट्या असतात. ब्रेक नीट लावलेला असला की त्या न दाबताही किंचित घासतात. चाक उचलून हातानं फिरवलं की खस् खस् असा बारीक आवाज येतो. साध्या माणसाला तो ऐकून बरं वाटतं. शर्यतीवाल्याला मात्र वाटतं, कुणीतरी आपला वेळ कुरतडतंय. मग तो ब्रेक ढिले करतो. चाक गुपचूप फिरतं आणि घड्याळात केसभर फायदा होतो. थांबायचं तेव्हा बघू, असा सगळा कारभार. आम्ही सगळेच हे करायचो आणि एकमेकांना सांगायचो नाही.

शेठना पाव मैल सोळा सेकंदांच्या आत हवा होता. त्या वर्षी शर्यतीच्या सकाळी मी पुढचा ब्रेक आणखी दोन आटे ढिला केला. आमचे मिस्त्री रशीदभाई शेजारीच होते. इंजिनाला कान लावून लावून त्यांचा एक कान गेलेला आणि दुसरा अधू होता, पण डोळे शाबूत होते. ते एवढंच म्हणाले, "मधुभाऊ, सामने मिर्ची है."

"मालूम आहे," मी म्हणालो.

मी जिंकलो. रेघ ओलांडली, ब्रेकचा दांडा हँडलला टेकेपर्यंत दाबला आणि गाडीवर त्याचा काही परिणाम झाला नाही. मागचा ब्रेक दाबला तर चाक अडकून गाडी तिरकी झाली. पुढे लालच लाल दिसलं. अनसूयाबाईंचे चारही चौकोन मी आडवे-तिडवे करून पडलो. क्षणात तिखटाचा लोट उठला. पंच खोकायला लागले, घड्याळवाल्याच्या हातातून घड्याळ पडलं, बघायला आलेले दोनशे लोक तोंडाला धोतर-पदर लावून शेतात पळाले. मला डोळे उघडता येत नव्हते. कुणीतरी तोंडावर पाणी मारलं. डोळे उघडले तेव्हा समोर अनसूयाबाई उभ्या होत्या. त्या खोकत नव्हत्या.

"काहून गा, थांबली नाही का तुही गाडी?"

मी म्हणालो, "ब्रेकची केबल तुटली, मावशी."

केबल माझ्या समोर होती, अखंड. रशीदभाईंनी ती पाहिली आणि मान वळवून बाभळींकडे बघत राहिले.

भरपाई शेठनी तिथल्या तिथे दिली. अनसूयाबाईंनी ती घेतली आणि म्हणाल्या, "हे झालं मिरचीचं. आता चिरडलेली अलग कोण करन? देठं कोण खुडन? तेलात भरलेली फेकून कोण देईन? उद्यापासून येजो." शेठ हसले. मी हसलो नाही, कारण त्या माझ्याकडे बघत होत्या.

सहा दिवस गेलो. सकाळी हिंगण्याहून निघायचो, दिवसभर बायकांच्या रांगेत बसून मिरच्या निवडायचो. त्यांनी माझी यथेच्छ थट्टा केली. "पाव मैलवाले, देठ बी सोळा सेकंदात खुडता का?" पहिल्या दिवशी मी चुकून डोळ्याला हात लावला आणि सगळी रांग हसून लोळली. बोटं अशी भाजली की क्लचचा दांडा धरवत नव्हता. घरी बायको ताकात हात बुडवून बसवायची. शेवटच्या दिवशी अनसूयाबाईंनी मला मूठभर मिरची बांधून दिली. परत येताना मला वाटलं, सुटलो.

सुटलो नव्हतो. पुढच्या डिसेंबरात शेठनी मला गावाची परवानगी आणायला पाठवलं. जाताना स्पष्ट सांगितलं, "मधुकर, यंदा पट्टी नाही मिळाली तर शर्यतीचं खातं बंद. तू पॅकिंगला." पॅकिंगमध्ये दिवसभर प्लेटी कागदात गुंडाळायच्या. मी तिशीत होतो आणि मला दुसरं काही येत नव्हतं. रशीदभाईंनी गेटवर गाठून सांगितलं, "केबल ही बोलना. आता खरं बोलून काय फायदा?"

गावात ज्याच्याकडे जावं तो म्हणायचा, अनसूयाबाईला विचारा. तिनं हो म्हटलं तर सगळ्यांचं हो. त्या ओट्यावर मिरच्या निवडत होत्या. मी समोर बसलो. केबलचीच गोष्ट पुढे न्यायची असं ठरवून गेलो होतो. पण त्यांच्या त्या भाजून काळ्या पडलेल्या बोटांकडे पाहिलं आणि तोंडातून वेगळंच निघालं.

"मावशी, मागच्या साली केबल तुटली नव्हती. मीच ब्रेक ढिले केले होते. लवकर पोचायले."

त्यांचा हात थांबला नाही. "मालूम हाय मले."

"कसं काय?"

"तुटलेल्या केबलवर सहा दिवस आला-गेला नं तू? त्याच गाडीवर, नवी केबल न टाकता. मले का डोळे नाहीत? म्हटलं, पाहू, आपल्या तोंडानं कधी सांगते हा पोट्टा."

मला जमिनीत जावंसं वाटलं. त्यांनी हातातली मिरची टोपलीत टाकली. मग त्यांनी विचारलं, "आमच्या पटात जोडी धरायले समोर माणसं उभी राहतात. तुह्या गाडीले कोण धरते?"

"मीच धरतो."

"मागच्या साली धरली?"

मी ओट्यावर पडलेलं एक देठ उचललं.

"तं यंदा मी उभी राहीन. माह्या चौकोनावर. मिरच्या हालणार नाहीत, मी बी हालणार नाही. पळवाची असन तं पळव."

मी परत आलो आणि शेठना सांगितलं, पट्टी मिळाली. अट सांगितली नाही. रशीदभाईंना सांगितली. ते म्हणाले, "आता?" मी म्हणालो, "आता ब्रेक घासणार. आणि सोळाच्या आत येणार."

बोलणं सोपं होतं. ब्रेक नीट आवळून मी वसाहतीच्या मागच्या सरळ रस्त्यावर गाडी काढली, तर घड्याळात साडेसोळा सेकंद. गेलेला अर्धा सेकंद मला दुसरीकडून आणायचा होता, आणि ती जागा एकच होती: सुटतानाची. रोज जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून मी सुटत राहिलो. सुटायचं, पन्नास पावलं जायचं, थांबायचं, ढकलत परत आणायची. डाव्या तळव्याला फोड आले, फुटले, परत आले. रशीदभाईंनी प्लेटींची रचना चार वेळा बदलली. घरी बायकोनं माझी तिसरी पोळी बंद केली आणि म्हणाली, "गाडीचं वजन कमी होत नाही तं तुमचं करू." संध्याकाळची पाळी सुटताना कामगार सायकली थांबवून बघायचे आणि ओरडायचे, "थांबली, थांबली!" पुढे पुढे त्यांनाही कळायला लागलं की मी थांबण्याचाच सराव करतोय. महिनाभरात सोळा आणि थोडं वर, इथवर आलो. त्याच्या आत काही केल्या जाईना.

शर्यतीच्या दिवशी अनसूयाबाई हिरवं लुगडं नेसून आपल्या पहिल्या चौकोनाच्या काठावर येऊन उभ्या राहिल्या. मागे चार चौकोन लालभडक मिरची. पंच धावत गेले. शेठ हात जोडून समजावून आले. त्या म्हणाल्या, "धुरकऱ्याले विचारा." सगळे माझ्याकडे आले. तेव्हा मी म्हणालो, "उभं राहू द्या." आज असं कुणी करायला निघालं तर मी त्याच्या गाडीची चावी काढून घेईन. माणूस समोर उभं करून गाडी पळवायची नसते, कितीही खात्री असली तरी. मी ते केलं, आणि त्याची लाज अजून गेलेली नाही.

डाव्या पट्टीत यायला कुणी तयार नव्हतं. मी मागून घेतली. रशीदभाईंनी चाक उचलून फिरवलं. खस् खस्. त्यांना ते ऐकू येत नव्हतं, म्हणून त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी मान हलवली.

झेंडी पडली. हातात ती पेराएवढी जागा सापडली, सबंध महिन्यात सापडली नव्हती इतकी नेमकी. मागचं चाक जागच्या जागी फिरलं नाही, पुढचं उचललं नाही. दुसरा गिअर, तिसरा. शेजारचा मागे पडलेला मला आवाजावरून कळला. एरवी या वेळी मला फक्त चुन्याची रेघ दिसायची. त्या दिवशी रेघेच्या पलीकडचा हिरवा ठिपका दिसत होता. रेघ ओलांडली आणि दांडा दाबला. ब्रेकनं धरलं. पट्ट्या जळल्याचा वास आला, हँडल थरथरलं, ठिपक्याचं लुगडं झालं, लुगड्याचे काठ दिसले, काठाखालचे पाय दिसले. मग गाडी थांबली.

त्या अजून तशाच उभ्या होत्या. मग आपल्या चौकोनापासून अनवाणी चालत, पावलं मोजत माझ्या चाकापर्यंत आल्या. "अकरा," म्हणाल्या. खाली वाकून विटेच्या तुकड्यानं चाकाखाली सिमेंटवर रेघ ओढली. मी गाडीवरून उतरलो आणि तिथेच बसलो. मला रडू आलं, आणि ते मी तिखटावर ढकललं. त्या दिवशी तिखट उडालेलं नव्हतं.

एका घड्याळात सोळाला थोडं कमी होतं, दुसऱ्यात सोळा पूर्ण. शेठनी जाहिरातीत अर्थातच पहिलं छापलं. यावरून पंचांचं आणि त्यांचं भांडण पुढली दोन वर्षं चाललं. अकरा पावलांबद्दल मात्र कुणी शब्द काढला नाही.

त्यानंतर अनसूयाबाईंना समोर उभं राहू दिलं नाही. बाजूच्या बांधावर बसायचं, हे मी पाया पडून कबूल करून घेतलं. पण पावलं त्याच मोजायच्या आणि रेघही त्याच ओढायच्या. कधी चौदा, कधी बारा. एका वर्षी सात आली तर दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. बाहेरगावचे चालक आधी या प्रकाराला हसायचे. मग हळूहळू तेही सुटण्याआधी चाक उचलून कान लावायला लागले. माझ्या सगळ्या धंद्यात मी केलेलं एवढं एकच काम लोकांच्या उपयोगी पडलं असेल.

ऐंशी साल उलटून गेल्यावर एका दिवाळीत निरोप आला, अनसूयाबाई गेल्या. त्याच हिवाळ्यात शेवटची शर्यत ठरली होती. पट्टीचं सिमेंट खोदून न्यायचं ठरलं होतं, आणि माझं डावं मनगटही सकाळी उठल्यावर वळत नव्हतं. आम्ही गेलो तेव्हा मागे सगळ्या घरांच्या मिरच्या पसरलेल्या होत्या. पुढचे चार चौकोन रिकामे. त्या हंगामात तिथे कुणी मिरची टाकायची नाही, असं गावानं ठरवलं होतं.

रशीदभाईंनी रिकाम्या सिमेंटकडे पाहिलं. "चाळीस पावलं जास्त आहेत, मधुभाऊ. आखरी बार है. थोडा ढिला करू? रेकॉर्ड होईन."

मी चाक उचलून फिरवलं. खस् खस्.

"राहू द्या," म्हणालो.

सुटलो, रेघ ओलांडली, दांडा दाबला. थांबलो. मागे लांब शेठ दोन्ही हात वर करून काहीतरी ओरडत होते आणि रशीदभाई घड्याळवाल्याकडे पळत होते. किती सेकंद लागले ते त्यांनी मला नंतर सांगितलं असेलच. आता आठवत नाही.

मी उतरलो, चालत अनसूयाबाईंच्या पहिल्या चौकोनापर्यंत गेलो आणि तिथून पावलं मोजत परत आलो. "अकरा, मावशी," मोठ्यानं म्हणालो. मग इकडेतिकडे बघून विटेचा एक तुकडा शोधला, चाकापाशी वाकलो आणि रेघ मीच ओढली.